राज्यसभेचे जुने दिवस: खरं काम की नुसता शिक्का?

कलमदान (धागाकर्ता):

विधान परिषदांवरच्या चर्चेत इथे कोणीतरी लिहिलं होतं की वरिष्ठ सभागृह ही पहिल्यापासून शोभेची वस्तू आहे, जुन्या काळातल्या चार गाजलेल्या भाषणांच्या जोरावर आपण तिचा उदोउदो करतो. मला ते अजिबात पटलेलं नाही. उत्तर मोठं होणार, म्हणून वेगळा धागा काढतोय.

राज्यसभेचे १९५२ पासूनचे वृत्तान्त आता संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. बहुतेक जण तिथे जातात ते आंबेडकर काय बोलले, कम्युनिस्ट सदस्य भूपेश गुप्ता कोणाला भिडले हे शोधायला. माझी विनंती आहे, पन्नाशीच्या दशकातला कोणाच्याही लक्षात नसलेला एखादा मंगळवार उघडा आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा.

सभापती स्थानापन्न होतात. नवीन सदस्य आला असेल तर शपथ. मग प्रश्न. हा प्रश्नांचा हक्कसुद्धा राज्यसभेला आयता मिळालेला नाही. १९५२ मध्ये लोकसभेला रोज प्रश्नोत्तरं होती, राज्यसभेला आठवड्यातून दोनच दिवस. काही महिन्यांनी चार दिवस झाले, आणि रोजचा प्रश्नोत्तराचा तास मिळायला १९६४ उजाडलं.

प्रश्न संपले की कागदपत्रं पटलावर ठेवली जातात. मंत्री उठतो, अमुक कायद्याच्या अमुक कलमाखाली काढलेली अधिसूचना ठेवतो म्हणून सांगतो, बसतो. नवख्या वाचकाला वाटतं, ही काय नुसती औपचारिकता. पण कायदा संसद करते आणि त्याखालचे नियम मंत्रालयातले अधिकारी लिहितात. लोकांना रोज जाच होतो तो या नियमांचा. ते पटलावर आले की सदस्याला त्यांची मान पकडता येते. पुढे १९६४ मध्ये राज्यसभेने याच कामासाठी स्वतंत्र समिती नेमली.

त्यानंतर लोकसभेचा निरोप. सचिव उभे राहून वाचून दाखवतात की अमुक विधेयक लोकसभेने संमत केलं आहे, ते या सभागृहाकडे पाठवलं आहे. मग एखाद्या आजारी सदस्याचा रजेचा अर्ज. सभापती तो सभागृहाला विचारून मंजूर करतात, कारण परवानगीशिवाय साठ दिवस गैरहजर राहिलं तर जागा रिकामी झाल्याचं जाहीर करण्याचा अधिकार संविधानाने सभागृहाला दिलेला आहे.

आणि मग विधेयक. आधी तत्त्वावर चर्चा, मग एकेक खंड (विधेयकातल्या कलमाला खंड म्हणतात). खंड २ वर दुरुस्ती आहे का? आहे. मांडली, बोलले, मंत्र्याने उत्तर दिलं, मताला टाकली, पडली. खंड ३ ला काही नाही. खंड ४. असं करत सगळ्यात शेवटी खंड १, अधिनियमन सूत्र (संसद हा कायदा करत आहे असं सांगणारं वाक्य) आणि विधेयकाचं नाव. नाव शेवटी का, हे मला फार दिवस कळत नव्हतं. खंड १ मध्ये कायद्याचं नाव, तो कुठे आणि कधी लागू होणार हे असतं. आतला मजकूर बदलला तर ते बदलावं लागेल, म्हणून ते मागे ठेवतात. मजकूर खरोखर बदलू शकतो, असं धरूनच ही सगळी पद्धत बांधलेली आहे.

माझं म्हणणं एवढंच: वरिष्ठ सभागृहाची किंमत या दुसऱ्यांदा वाचण्यात होती. ते काम त्या काळी रोज, नेटाने आणि पुरेसा वेळ देऊन होत होतं. १९५६ साली राज्यसभा शंभरावर दिवस बसली होती.

रोखठोक:

ते वाक्य माझंच होतं, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

पद्धत कशी होती हे तुम्ही उत्तम सांगितलंत. पण पद्धत आणि परिणाम यांत फरक आहे. तुमच्याच मंगळवारात बघा: दुरुस्ती मांडली, बोलले, मंत्र्याने उत्तर दिलं, पडली. पहिली दहा वर्षं दोन्ही सभागृहांत काँग्रेसचं बहुमत होतं. लोकसभेत पक्षाने जे ठरवलं तेच इथे ठरणार. मग दुसऱ्यांदा वाचून उपयोग काय?

पैशाचं बघा. सरकारवर लगाम ठेवायचा तर तो पैशावर ठेवावा लागतो. राज्यसभेला अर्थसंकल्पावर बोलता येतं, पण खात्यांच्या मागण्यांवर मत देता येत नाही. धन विधेयक, म्हणजे फक्त कर आणि सरकारी पैशाबद्दलचं विधेयक, आलं की चौदा दिवसांत परत करायचं. शिफारशी कराव्यात, लोकसभेने त्या घ्याव्यात किंवा टाकून द्याव्यात. सरकारी खर्चाचा हिशेब तपासणाऱ्या लोकलेखा समितीत राज्यसभेचे सदस्य पहिल्या वर्षांत नव्हतेच. १९५३ मध्ये त्यावरून दोन्ही सभागृहांत मोठी ओढाताण झाली, तेव्हा कुठे १९५४ पासून सात जण घेतले.

आणि वेळ कुठे गेला तेही सांगा. १९५४ मध्ये विशेष विवाह विधेयक राज्यसभेत असताना लोकसभेचे सदस्य आणि हिंदू महासभेचे नेते एन. सी. चॅटर्जी एका जाहीर भाषणात म्हणाले की हे ज्येष्ठांचं सभागृह म्हणवतं आणि उनाड पोरांच्या टोळीसारखं वागतं. त्यावर हक्कभंगाची नोटीस, सचिवांचं पत्र, मग लोकसभेत प्रतिहक्कभंग, मग दोन्ही हक्कभंग समित्यांची संयुक्त बैठक. एवढा खटाटोप मानापमानासाठी. २१६ सदस्यांचं सभागृह जनतेने थेट निवडलेलं नाही, म्हणून त्याला आपली पत सतत सिद्ध करावी लागत होती. माझा आक्षेप इथून सुरू होतो.

शर्वरी_वकील:

मी तालुका कोर्टात दिवाणी दावे चालवते, त्यातले बरेच वाटपाचे. त्यामुळे या विषयाकडे मी जरा वेगळ्या बाजूने बघते.

हिंदू कायद्याचे चारही भाग आधी राज्यसभेत आले. विवाह विधेयक डिसेंबर १९५२ मध्ये, वारसा विधेयक डिसेंबर १९५४ मध्ये, पालकत्व आणि दत्तकाचीही तीच वाट. म्हणजे ज्या कायद्यांनी घराघरातलं वाटप बदललं त्यांचा पहिला मजकूर, पहिला वाद, पहिल्या दुरुस्त्या इथल्या आहेत. सरकारतर्फे ही विधेयकं पुढे नेण्याचं बरंचसं काम हरि विनायक पाटसकरांनी केलं. ते लोकसभेचे सदस्य, पण मंत्र्याला दोन्हीकडे बोलता येतं. समोर नामनियुक्त (राष्ट्रपतींनी नेमलेल्या) सदस्यांत महामहोपाध्याय पां. वा. काणे होते (१९५३ ते १९५९). धर्मशास्त्राचा एवढा मोठा अभ्यासक सभागृहात बसलेला असताना 'शास्त्रात असं नाही' म्हणून वेळ मारून नेणं कोणालाही सोपं नव्हतं.

खंडवार चर्चा किती महत्त्वाची असते हे मला कलम २३ ने शिकवलं. १९५६ च्या वारसा कायद्यात हे कलम होतं: राहत्या घरात मुलीला हिस्सा आहे, पण घरातले पुरुष वारस वाटप मागत नाहीत तोवर तिला ते मागता येणार नाही. अविवाहित, नवऱ्याने टाकलेली किंवा विधवा असेल तर राहण्याचा हक्क, बाकी थांबायचं. बायका कागद घेऊन यायच्या, सातबारावर नाव लागलेलं असायचं, आणि घराचं वाटप मात्र भावाच्या मर्जीवर. हे एक कलम २००५ मध्ये गेलं. महाराष्ट्राने मुलींना सहदायक, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मापासून हिस्सेदार, म्हणून हक्क १९९४ मध्येच दिला होता, तरी कलम २३ तसंच राहिलं होतं. एका खंडाने पन्नास वर्षं लाखो घरांत काय केलं हे ज्याने पाहिलंय, त्याला त्या कंटाळवाण्या वाचनाला शोभेची वस्तू म्हणवणार नाही.

रोखठोक:

शर्वरी, तुमचा अनुभव मोलाचा आहे, पण तो माझ्या बाजूने जातो. राज्यसभेने इतकं बारकाईने वाचलं, काणे समोर बसले होते, तरी कलम २३ पुस्तकात गेलंच ना? आणि विधेयकं आधी राज्यसभेत मांडली ती सरकारच्या सोयीने, कामाचं वाटप म्हणून. हिंदू कोडाची खरी लढाई १९५१ मध्ये हंगामी संसदेत झाली. तिथे विधेयक बारगळलं, आंबेडकरांनी राजीनामा दिला. पुढची लढाई १९५२ च्या निवडणुकीत मतदारांसमोर झाली. नेहरू बहुमत घेऊन आले, मग विधेयकं पास झाली. त्याचं श्रेय मतदारांना द्या. ते वरिष्ठ सभागृहाला कशाला?

शर्वरी_वकील:

श्रेयाचा मुद्दा मी काढलेलाच नाही. मतदाराने 'सुधारणा हवी' एवढंच सांगितलं. मुलीला राहत्या घरात हिस्सा कसा, विधवेची मालकी पूर्ण की हयातीपुरती, हे मतपेटी सांगत नाही. कलम १४ ने बाईची मर्यादित मालकी पूर्ण केली. त्या एका कलमावर आजही दावे जिंकले जातात. हे शब्द कुठेतरी बसून कोणीतरी घासावे लागतात. चुकीचा शब्द राहिला म्हणून घासायची जागाच नको, हे मला मान्य नाही.

बांधावरून:

मध्येच एक विचारतो. हुंडाबंदीचं विधेयक राज्यसभेने अडवलं होतं असं वाचलंय. ते काय होतं?

कलमदान:

अडवलं नव्हतं, शब्दावरून दोन्ही सभागृहं अडून बसली होती. १९५९ चं विधेयक. तत्त्वावर मतभेद नव्हता, हुंडा वाईट हे सगळेच म्हणत होते. भांडण व्याख्येवर होतं: लग्नात दिलेली रोकड, दागिने, कपडे यांना भेट म्हणायचं की हुंडा. निरोप इकडून तिकडे गेले आणि जमेना, तेव्हा संविधानातली तरतूद प्रथमच वापरून ६ आणि ९ मे १९६१ ला संयुक्त बैठक झाली. शेवटी कायद्यात स्पष्टीकरण राहिलं की लग्नाचा मोबदला म्हणून दिलेल्या नसतील तर अशा भेटी हुंडा नव्हेत. पळवाट तिथेच होती. मोबदला म्हणून दिलं हे कोण आणि कसं सिद्ध करणार? ते स्पष्टीकरण १९८४ च्या दुरुस्तीत काढावं लागलं.

रोखठोक, 'दुसऱ्यांदा वाचून उपयोग काय' याचं उत्तर मला इथे दिसतं. त्या काळी बहुमत एकाच पक्षाचं होतं, तरीही दोन सभागृहं एका व्याख्येवरून दोन वर्षं भांडली. पक्षाचा आदेश असता तर संयुक्त बैठकीची वेळच आली नसती.

रोखठोक:

आणि संयुक्त बैठकीत लोकसभेची संख्या साधारण दुप्पट. म्हणजे मतभेद झाला की निकाल आधीच ठरलेला. १९७८ मध्ये तेच झालं: बँकिंग सेवा आयोग रद्द करणारं विधेयक राज्यसभेने फेटाळलं, संयुक्त बैठक बोलावली, संमत झालं. राज्यसभेची वेगळी भूमिका टिकते कुठे ते दाखवा.

कलमदान:

घटनादुरुस्तीत टिकते, तिथे संयुक्त बैठक नाही. ५ सप्टेंबर १९७०. संस्थानिकांचे तनखे आणि खास हक्क रद्द करणारं विधेयक यशवंतराव चव्हाणांनी लोकसभेत मांडलं होतं, तिथे ते दोन तृतीयांश मतांनी संमत झालं. राज्यसभेत मतविभाजन झालं: बाजूने १४९, विरुद्ध ७५. एकूण २२४, त्याचे दोन तृतीयांश १४९.३३. म्हणजे १५० हवे होते. एका मताने घटनादुरुस्ती पडली.

पुढे सरकारने राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यता काढली. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर १९७० ला तो आदेश रद्द केला. मग लोकसभा विसर्जित झाली, १९७१ ची निवडणूक झाली, आणि नव्या संसदेने २६ वी घटनादुरुस्ती करून तनखे बंद केले. वरिष्ठ सभागृहाने सरकारला जनतेकडे परत जायला लावलं. यापेक्षा आणखी कोणतं काम हवं?

वैनगंगा:

कलमदान, इथे मला थांबवावंसं वाटतं. तुम्ही १४९.३३ आनंदाने सांगता, पण त्या आकड्याने राखलं काय? संस्थानिकांचे तनखे! निम्म्या देशाला पोटभर जेवण नसताना करमुक्त तनखे. थेट निवडून आलेल्या सभागृहाने ते बंद करायचं ठरवलं आणि अप्रत्यक्ष निवडून आलेल्या सभागृहाने एका मताने वाचवलं. वरिष्ठ सभागृहाविरुद्धचा सगळ्यात जुना आक्षेप हाच आहे की ते अखेर मालकवर्गाच्या मदतीला येतं. संविधान सभेतही काही सदस्यांनी हेच बजावलं होतं. त्यावर गोपालस्वामी अय्यंगारांचं उत्तर होतं की दुसरं सभागृह भावनेच्या भरात होणारा कायदा थोडा थोपवेल. तनखे बंद करणं ही भावनेची लाट नव्हती.

कलमदान:

तनखे जायलाच हवे होते, त्यात आपल्यात मतभेद नाही. पण तो शब्द संविधानात लिहून दिलेला होता, पटेलांच्या काळात करार झालेले होते. दिलेला शब्द मोडायचा तर दोन तृतीयांशाची अट पाळून, सगळ्यांसमोर मोडा, एवढंच त्या १४९.३३ ने सांगितलं. तनखे सव्वा वर्षाने गेलेच. रीत मात्र राहिली. ती पुढे तनख्यांपेक्षा फार मोठ्या गोष्टीसाठी लागणार होती.

वैनगंगा:

लागली तेव्हा राहिली का? ऑगस्ट १९७५ उघडा. आणीबाणी होती, विरोधी पक्षांचे अनेक सदस्य तुरुंगात. तुम्ही ज्या प्रश्नोत्तरांचं कौतुक केलंत ती त्या अधिवेशनात बंद ठेवली होती. ३९ वी घटनादुरुस्ती: पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर. ७ ऑगस्टला लोकसभा, ८ ला राज्यसभा, १० ला राष्ट्रपतींची सही, कारण ११ ला सर्वोच्च न्यायालयात इंदिरा गांधींच्या अपिलाची सुनावणी होती. तुमचं 'दुसऱ्यांदा वाचणं' एका दिवसात उरकलं.

त्याहून वाईट ९ ऑगस्ट. ४१ व्या दुरुस्तीचं विधेयक. राष्ट्रपती, पंतप्रधान, राज्यपाल यांच्यावर फौजदारी कारवाईच करता येऊ नये, पद गेल्यावरही नाही. हे विधेयक आधी कुठे मांडलं गेलं? राज्यसभेत. आणि राज्यसभेने ते संमत केलं. पुढे ते लोकसभेत आलंच नाही म्हणून देश वाचला. ३९ वीतला मुख्य भाग नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. दोन्ही वेळा वरिष्ठ सभागृहाने काहीही थांबवलं नाही.

माझे आजोबा त्या काळात नागपूरच्या तुरुंगात होते. घरी त्यांची वाट बघणाऱ्या बायकामाणसांना मी ओळखते. म्हणून 'रीत राहिली' हे वाक्य मला सहज वाचता येत नाही.

रोखठोक:

वैनगंगा यांनी ९ ऑगस्ट काढला ते बरं केलं. मी याच्यापुढे जाऊन म्हणेन की अप्रत्यक्ष निवडणुकीमुळे राज्यसभेचा सदस्य पक्षाच्या तिकिटावर पूर्ण अवलंबून असतो. लोकसभेच्या सदस्याच्या मागे निदान मतदारसंघ असतो.

कलमदान:

वैनगंगा, तुमच्या घरच्यांनी जे सोसलं त्यापुढे कार्यपद्धतीचे नियम सांगणं मला जड जातंय. तरीही सांगतो, कारण तुमचाच पुरावा मला उलट दिसतो. सरकारने आधी काय बंद केलं? प्रश्नोत्तरं. खाजगी, म्हणजे मंत्री नसलेल्या, सदस्यांचं कामकाज. खंडवार चर्चेचा वेळ. रोजचं काम निरुपयोगी असतं तर ते बंद करायची गरज काय होती?

आणि तिथेच थांबू नका. १९७८ मध्ये जनता सरकार ४४ वी दुरुस्ती घेऊन आलं, आणीबाणीची घाण साफ करायला. राज्यसभेने त्यातले पाच खंड गाळले, उरलेलं संमत केलं. गाळलेल्यांत संविधानाच्या मूलभूत गोष्टींसाठी सार्वमत घेण्याचा खंडही होता. लोकसभेने ते मान्य केलं. हे खंडवार काम आहे, पूर्ण हो किंवा पूर्ण नाही असं नाही.

वैनगंगा:

ते पाच खंड गाळणारं बहुमत काँग्रेसचंच होतं, आणि सार्वमताची तरतूद राहिली असती तर पुढच्या आणीबाणीला ती आडवी आली असती. मला ती गाळल्याचं दुःख आहे.

शर्वरी_वकील:

सार्वमताबाबत माझं मत उलट आहे. मूलभूत हक्क बहुमताच्या मतपेटीत टाकायचेच नाहीत, म्हणून तर ते मूलभूत. पण तो वेगळा धागा होईल.

बांधावरून:

शुक्रवारच्या खाजगी विधेयकांवर कोणी काही लिहिलं नाही. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचं प्राण्यांवरच्या क्रूरतेचं विधेयक राज्यसभेतलंच ना?

कलमदान:

हो. त्या १९५२ च्या पहिल्या नामनियुक्तांपैकी. विधेयक खाजगी होतं. चर्चेच्या वेळी नेहरूंनी सरकारच कायदा आणेल असं सांगितलं, त्यांनी ते मागे घेतलं, आणि १९६० चा कायदा आला. दुसरं उदाहरण आपल्या जवळचं: सीतामऊचे डॉ. रघुवीर सिंह. जदुनाथ सरकारांचे शिष्य, माळव्याच्या अठराव्या शतकाचा इतिहास लिहिणारे, म्हणजे मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाला ओळखीचं नाव. त्यांनी प्राचीन स्मारकांच्या कायद्यात दुरुस्ती करणारं खाजगी विधेयक राज्यसभेत आणलं आणि त्याचा कायदा झाला. इतिहासकाराने स्मारकांच्या कायद्याला हात घालावा, ही सोय वरिष्ठ सभागृहाने करून दिली. निवडणूक लढवायला ते दोघं गेले असते का?

रोखठोक:

स्वातंत्र्यानंतर आजवर किती खाजगी विधेयकांचा कायदा झाला? चौदा. शेवटचा १९७० मध्ये. दोन्ही सभागृहं धरून. एवढ्या वर्षांतले चौदा दाखवून शुक्रवारचं महत्त्व पटत नाही. नामनियुक्तांबद्दल म्हणाल तर काणे, काकासाहेब कालेलकर, मामा वरेरकर ही मोठी माणसं, पण मोठ्या माणसांचं ऐकायला समिती नेमता येते. त्यांना मताचा अधिकार देण्याची गरज नाही.

बांधावरून:

चौदाच कायदे झाले हे खरं, पण रुक्मिणीदेवींचं विधेयक त्या चौदांत धरलेलं नाही, कारण ते मागे घेतलं होतं. आज गावात बैलाला टोचलं तर जो कायदा दाखवतात तो त्यातून आला. मी शेतकरी आहे, शर्यतींच्या वादात तो कायदा किती वेळा काढला गेला ते मला माहीत आहे. त्या कायद्यावर माझा राग आहे, तरी तो कुठून आला ते आज कळलं.

रोखठोक:

आंबेडकरांचं वाक्यही इथे यायला हवं. २ सप्टेंबर १९५३ ला आंध्र राज्य विधेयकावर बोलताना, याच सभागृहात, ते म्हणाले की हे संविधान जाळायला मी पहिला पुढे येईन. ज्यांनी ते लिहिलं त्यांनाच त्या व्यवस्थेवर भरवसा राहिला नव्हता.

कलमदान:

हे वाक्य एकटं फिरतं, म्हणूनच मी अख्खा दिवस वाचा म्हणतो. विषय होता राज्यातल्या अल्पसंख्याकांचं संरक्षण आणि राज्यपालाचे अधिकार. आणि गोष्ट तिथे संपत नाही. १९ मार्च १९५५ ला, चौथ्या घटनादुरुस्तीच्या वेळी, सभागृहात त्यांना त्याच विधानाबद्दल विचारलं गेलं. त्यांनी उत्तर दिलं: आपण देवासाठी मंदिर बांधलं, पण देव बसण्याआधीच राक्षस येऊन बसला, तर मंदिर मोडण्यावाचून काय करायचं? राग दस्तऐवजावर नव्हता, त्याचा ताबा घेणाऱ्यांवर होता. हे आपल्याला कळतं कारण दीड वर्षाने एका सदस्याने तो प्रश्न विचारला आणि लघुलेखकाने दोन्ही दिवस अक्षरशः उतरवून ठेवले.

रोखठोक:

हा संदर्भ योग्य आहे. तरीही मूळ मुद्दा तसाच आहे. तुम्ही पडलेल्या दुरुस्त्या, मागे घेतलेली विधेयकं, एका मताने अडलेली घटनादुरुस्ती दाखवलीत. या सभागृहाने स्वतः होऊन मजकूर बदलला आणि तो बदल कायद्यात टिकला, असं किती वेळा झालं? माझ्या मते फार कमी. तुमच्या मते बरंच. मग मोजू या.

वैनगंगा:

मोजताना महाराष्ट्रही घ्या. वि. स. पागे १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती होते. रोजगार हमीची कल्पना त्यांची, १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला तिचा प्रयोग झाला, दुष्काळात ती राज्यभर गेली, १९७७ चा कायदा झाला. पण ती सभागृहाच्या रोजच्या कामातून आली की पाग्यांच्या स्वतःच्या कळकळीतून, हे तपासायला हवं. मला दुसरं खरं वाटतं.

शर्वरी_वकील:

मोजणीचा एक नियम आधी ठरवा. राज्यसभेत आधी मांडलेल्या विधेयकात तिथेच झालेले बदल वेगळे धरा, आणि लोकसभेकडून आलेल्या विधेयकात केलेले वेगळे. नाहीतर संयुक्त समितीने केलेले बदल दोघांच्या खात्यात पडतील. वारसा विधेयकात तशी गल्लत सहज होईल, कारण संयुक्त समितीने त्यात बरेच फेरफार केले होते.

कलमदान:

मान्य. मी १९५४ ते १९५६ घेतो, वारसा विधेयकापासून. मांडलेला मजकूर, समितीचा मजकूर आणि अंतिम कायदा असे तीन रकाने करतो. शर्वरी, कलम १४ आणि २३ तुम्ही बघाल का?

शर्वरी_वकील:

बघते. कोर्टाला सुटी लागली की सुरू करते.

रोखठोक:

मी १९५२ आणि १९५३ घेतो, धन विधेयकांवर राज्यसभेने केलेल्या शिफारशी लोकसभेने किती घेतल्या ते पाहतो.

वैनगंगा:

जुलै-ऑगस्ट १९७५ माझ्याकडे.

बांधावरून:

मला हुंड्याचं द्या. संयुक्त बैठकीचे वृत्तान्त लोकसभेच्या खंडांत मिळतील की वेगळे छापलेत, एवढं कोणीतरी सांगा.